पडद्याच्या तळाची ओळ

"केशवचं नाव अजून दिसून राहिलं का वं?" आनंदरावांनी मागून विचारलं.

"हो साहेब."

पुष्पलतासमोरच्या पडद्यावर, हिरव्या अक्षरांच्या अगदी तळाशी, एक ओळ होती. वीजबिलाच्या फाइलचं नाव, मग केशवचं नाव, दोन टिंबं आणि आवृत्तीचा आकडा. म्हणजे ही फाइल केशवने उचलली होती आणि अजून परत केली नव्हती. केशवला काविळीने जाऊन महिना होत आला होता.

ती ओळ पुष्पलतानेच बनवलेली. नागपूरच्या त्या संगणक-खोलीत तिघं मिळून एकच प्रोग्राम लिहीत. मूळ प्रत मशीनच्या ताब्यात असे. बदल करायचा तर फाइल आपल्या नावाने उचलायची, काम झालं की परत करायची; मधल्या काळात बाकीच्यांनी नुसती वाचायची. पण उघडलेली फाइल कोणाकडे आहे, हे बघून कळत नसे. मागच्या वर्षी आनंदरावांनी अख्खी दुपार टाइप केलं आणि शेवटी मशीनने ते ठेवून घ्यायला नकार दिला. फाइल केशवकडे होती. त्यानंतर पुष्पलताने ज्यात टाइप करायचं त्या प्रोग्राममध्येच सोय केली. फाइल परत आलेली असेल तर तळाला आडवी रेघ, कोणी उचललेली असेल तर त्याचं नाव आणि दोन टिंबं.

बहुतेक वेळा ते नाव केशवचंच असे. तो कुरकुरायचा.

"काहून वं पुष्पाताई, मले चोरासारखं पडद्यावर टांगून ठेवलं?"

"परत करा नं मग, केशवभाऊ. आपोआप उतरता."

"उद्या."

आनंदराव आता खुर्चीची पाठ धरून उभे होते. "सोमवारी बिलं काढाची आहेत. त्याच्या नावाचं कुलूप तोड. त्याचं अर्धवट फेकून दे अन् आधीचीच प्रत चालव."

"आधी वाचून तर पाहू, साहेब."

विहिरीवरच्या पंपाचे मीटर सगळे आकडे नऊ झाले की पुन्हा शून्यावर येत. नवा आकडा जुन्यापेक्षा लहान दिसला की प्रोग्रामची वजाबाकी बिघडे. काटोलकडच्या एका संत्रेवाल्याच्या लहानशा बागेला कारखान्याएवढं बिल गेलं होतं. केशव तिकडचाच. तो माणूस बसने त्याच्या घरी आला, बिल पुढे धरून ओसरीत बसून राहिला. केशवने फाइल उचलली ती त्यासाठी.

पुष्पलताने ओळ न् ओळ वाचली. वजाबाकी त्याने नीट केली होती. एकच राहिलं होतं: मीटरच बदलला असेल तर नवाही शून्यापासूनच सुरू होणार आणि प्रोग्राम पुन्हा फसणार. त्यासाठी त्याने जागा सोडली होती आणि तिथे रोमन अक्षरांत लिहिलं होतं, 'उद्या पाहू'.

"फेकलं तर काटोलले पुन्हा तसंच बिल जाईल," ती म्हणाली.

"मग तुह्या नावावर घे अन् पुरं कर. नाव कोणाचं का असेना, मशीनले काय फरक पडते?"

"मशीनले नाई पडत."



तिने केशवच्या कामाला हात लावला नाही. होतं तसंच ते परत करायला घेतलं. परत करणाऱ्याचं नाव सांगायची सोय होती. तिने त्याचं नाव दिलं. मशीनने नेहमीप्रमाणे विचारलं, काय बदललं? बाकीची दोघं तिथे वाक्य लिहीत. केशव दर वेळी एकच शब्द लिहायचा. तिने तोच लिहिला: 'केलं'.

तळाची ओळ बदलली. नाव गेलं. आडवी रेघ आली, आकडा एकाने पुढे सरकला.

आनंदराव वाकून बघत राहिले.

"दिली त्यानं परत?"

"दिली, साहेब."

केशवच्या खुर्चीवर महिनाभरात छापील कागदांचे गठ्ठे साचले होते. आनंदरावांनी ते एकेक करून खाली ठेवले, खुर्ची तिच्या शेजारी ओढली आणि बसले.

"उचल आता," ते म्हणाले. "मीटर बदलल्याचं मी सांगतो, तू लिही."