फाटकाची चाळिशी

चष्म्याच्या त्या दुकानात शनिवारी सकाळी गिऱ्हाईक कमी आणि गर्दी जास्त असायची. दुपारी आपल्या संघाचा सामना, आणि त्याआधी जुन्या पराभवांची उजळणी झाल्याशिवाय कुणाला चैन पडत नसे. संघ हरण्यात वाकबगार होता, त्यामुळे वादाला माल कधी कमी पडला नाही. पण कुठूनही निघाली तरी गाडी शेवटी एकाच फायनलवर येऊन थांबायची. सामना बरोबरीत, शिट्टी वाजायची वेळ, आणि लांबून मारलेला एक उंच चेंडू आपल्या गोलकीपरच्या हातांमधून निसटून जाळीत गेला. त्या दिवसापर्यंत सगळं शहर त्या गोलकीपरला ‘भिंत’ म्हणायचं. दुसऱ्या दिवसापासून ‘फाटक’ म्हणू लागलं.

दुकानात या प्रश्नावर दोन पक्ष होते. एक भावजींचा. ते काचा घासायच्या यंत्रापाशी बसत आणि यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून सांगत, की चेंडू हातात आला होता, फाटकानं सोडला, विषय संपला. दुसरा पक्ष वहिनींचा. दुकानात डोळे तपासायचं काम वहिनींकडे होतं, आणि सगळी गिऱ्हाइकंसुद्धा त्यांना वहिनीच म्हणत. त्यांच्या मते दोष डाव्या बॅकचा. तो रेफरीशी हुज्जत घालत उभा राहिला आणि मारणाऱ्याला मोकळं रान मिळालं. गोलकीपर बिचारा काय करणार? वहिनींचे यजमान, म्हणजे भावजींचे थोरले भाऊ, गल्ल्यावर बसायचे. त्यांना फुटबॉलचं सोयरसुतक नव्हतं. मैदानात अकरा जण होते ना, मग दोष वाटून घ्या की, असं ते एकदा म्हणाले होते. त्या दिवशी दोन्ही पक्षांनी मिळून त्यांना वेड्यात काढलं. तेव्हापासून ते बोलत नसत.

अशात एका आडवारी, भावजी फ्रेमा आणायला बाहेर गेले असताना, एक उंचापुरा माणूस दारात वाकून आत आला. फर्निचरच्या दुकानात काम करतो, म्हणाला, आणि हल्ली टेपवरचे आकडे पुसट दिसतात. वहिनींनी हसून त्याचं चाळिशीबद्दल अभिनंदन केलं आणि त्याला तपासणीच्या खोलीत बसवलं. त्यानं खुर्चीच्या हातावर पंजा ठेवला तेव्हा त्यांची नजर वाकड्या करंगळीवर गेली. ती करंगळी त्यांनी भिंतींवरच्या पोस्टरांत कितीदा पाहिली होती. आई थकली म्हणून फाटक परत या शहरात राहायला आला आहे, एवढं त्यांच्या कानावर होतं. पण तपासणीच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला नाव विचारायचं ते कागदापुरतं, हा त्यांचा नियम होता. त्यांनी दिवा मंद केला.

उजव्या डोळ्यानं त्यानं तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. मग त्यांनी उजवा झाकला. डाव्या डोळ्याची गाडी वरच्या मोठ्या अक्षरांतच अडली. त्यांनी एकामागून एक काचा बदलल्या. काही फरक पडेना.

“हे लहानपणापासून आहे का?” त्यांनी विचारलं.

“असेल. मला वाटायचं, सगळ्यांचाच एक डोळा कामाचा असतो आणि दुसरा जोडीला.”

वहिनींनी उजव्या डोळ्यावरचं झाकण काढलं, पेन उभं धरलं आणि त्याच्या टोकाला वरून बोट लावायला सांगितलं. त्याचं बोट टोकाच्या पलीकडे उतरलं. पुन्हा सांगितलं. या वेळी अलीकडे. डावा डोळा आळशी होता. लहानपणीच लक्षात आला असता तर सुधारला असता. उंचावरून येणारा चेंडू नक्की किती लांब आहे, हे या माणसाला अंदाजानंच ठरवावं लागत असणार. वहिनींच्या मनात पहिला विचार आला तो असा, की मेलं, म्हणजे भावजीच खरे ठरले. दुसरा विचार आला तो या माणसाचा, आणि पहिल्याची त्यांना लाज वाटली.

त्यांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. तपासणीची जड फ्रेम त्यानं नाकावर तशीच ठेवली. मग म्हणाला, “त्या दिवशी मी घाबरलो, असं मला वाटत होतं. ऐन वेळी कच खाल्ली.”

कुठला दिवस, हे त्यानं सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

“तुम्ही घाबरला नाहीत,” वहिनी म्हणाल्या. “चेंडू जिथे होता तिथे तुम्हाला दिसलाच नाही.”

“मग बाकीचे एवढे कसे अडवले?”

“तेच मला कळत नाहीये.”

तो हसायला लागला. आधी हळू, मग असा, की बाहेर यजमानांनी मान वर केली.

दोघं खोलीतून बाहेर आले तर समोर भावजी, हातात फ्रेमांचा खोका. त्यांनी पाहुण्याला पाहिलं, ओळखलं, आणि गेली कित्येक वर्षं आपण काय काय बोललो ते सगळं एकदम आठवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. ते एक स्वच्छ काच पुसत बसले. वहिनी बोलल्या नसत्याच, पेशंटची गोष्ट पेशंटची. पण त्यानं स्वतःच, फ्रेम निवडता निवडता, आपल्या डाव्या डोळ्याची कहाणी सांगून टाकली. जणू नवा बूट घेतल्याची बातमी.

भावजींच्या हातातलं फडकं थांबलं. एका डोळ्यानं हा माणूस इतके हंगाम खांबांमध्ये उभा राहिला, आणि आपण त्याला फाटक म्हणत होतो? त्यांनी तिथल्या तिथे पक्ष बदलला. दोष याचा नाहीच, त्या डाव्या बॅकचा, त्यानं जागा सोडली नसती तर चेंडू आलाच नसता. वहिनींना हे मान्य करता येईना. बॅक असो नसो, चेंडू डोळ्यामुळे सुटला, त्यांनी आत्ताच तपासलं होतं. असे दोघं एकमेकांची जुनी वाक्यं तोंडात घेऊन भांडू लागले.

पाहुणा थोडा वेळ ऐकत राहिला. “एक बोलू का?” तो म्हणाला. “मारणाऱ्यानं फार सुंदर मारला होता हो तो. पाय असा चेंडूच्या खाली घेतला होता. इतक्या वर्षांत त्याला कुणी शाबासकी दिली का?”

मग दीर-भावजय एका सुरात म्हणाले, छे, निव्वळ नशीब. त्या दोघांचं एकमत झालेलं यजमानांनी दुसऱ्यांदाच पाहिलं.

शनिवारी तो चष्मा न्यायला आला तेव्हा दुकान भरलेलं होतं. सगळे एकदम पुतळ्यासारखे झाले. भावजींनी स्वतःचं स्टूल त्याच्यापुढे सरकवलं आणि चहा सांगितला. त्यानं चष्मा चढवून वर्तमानपत्रात त्या दिवसाचा संघ वाचला, आणि मधल्या फळीत एवढे म्हातारे कशाला घेतात असं पुटपुटला. झालं. कोंडी फुटली. पुढचा चहा येईपर्यंत तो त्यांच्यातलाच एक होऊन तावातावानं बोलत होता. दुपारी ते त्याला ओढून सामन्याला घेऊन गेले. दुकान यजमानांवर सोपवून वहिनीही निघाल्या.

संघ रीतीप्रमाणे मागे पडला. उत्तरार्धात एक साधा, गडगडत आलेला चेंडू आपल्या नव्या गोलकीपरच्या पायांमधून गेला आणि गॅलरीतून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू झाला. भावजी ताडकन उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं, शेजारी बसलेल्या पाहुण्याकडे पाहिलं, आणि सगळा राग समोरच्या बॅकवर काढला.

“अहो, बसा,” पाहुण्यानं त्यांची बाही धरली. “हा गोलकीपरचाच होता.”

वहिनींना इतकं हसू आलं, की पुढचा गोल कुणी मारला ते त्यांनी पाहिलंच नाही.