काही विशेष नाही

तीस वर्षं कारखान्यातल्या यंत्रांच्या दणदणाटात काढल्यावर फिटरचे कान त्याच्याआधीच निवृत्त झाले. तिथे सगळेच एकमेकांचे ओठ वाचत. ती विद्या तेवढी पदरात उरली. पडद्यावरची माणसं मात्र बोलता बोलता पाठ फिरवतात. म्हणून मुलाने कॉम्प्युटरवर एक अ‍ॅप टाकून दिलं: व्हिडिओची फाइल त्याच्या चौकटीत ओढून सोडायची, की ते कुठून कुठून सबटायटल्स शोधून आणी. महिनाभर फिटर सिनेमे वाचत राहिला.

मग एका दुपारी त्याने बायकोची फाइल ओढली. इस्पितळातली शेवटची चार मिनिटं, मुलाने फोनवर घेतलेली. फिटर तेव्हा कामावर होता. ती बोलत होती. पण तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि मास्कच्या आत वाफ धरत होती, विरत होती, शब्दांच्या सावलीसारखी. काय म्हणाली, असं विचारलं की मुलगा दोन वर्षं एकच सांगे: काही विशेष नाही. बहिऱ्याच्या वाट्याला सगळं जग असंच येतं.

अ‍ॅपला काही सापडलं नाही. त्याने भाषा बदलून पाहिली. फाइलला बायकोचं नाव दिलं. त्या नावाचा कुठलासा सिनेमा निघाला, आणि तिच्या विझत्या चेहऱ्याखाली अक्षरं उमटली: गाडी थांबव, त्यांच्याकडे बंदुका आहेत.

संध्याकाळी ते पाहून मुलाला आधी हसू फुटलं, मग ते ओठांवरच वाळलं.

"बाबा, ते ऐकत नाही काही. कुणीतरी कुठेतरी बसून ओळ न् ओळ लिहिलेली असते. तेवढीच शोधतं ते."

"मग तू बस," फिटर म्हणाला.

मुलगा बसला. कानांत इयरफोन असले की आपले ओठ हलताहेत याचं माणसाला भान राहत नाही. लिहिण्याआधी ऐकलेलं तो पुटपुटला, आणि समोरच्या फिटरने ते वाचलं: ह्यांना बोलावू नका. कान होते तेव्हा तरी कुठे ऐकलं माझं.

मुलाची बोटं कीबोर्डवर अडली. बराच वेळ लावून त्याने एक ओळ लिहिली आणि पडदा बापाकडे वळवला.

'ह्यांची वाट बघतेय, सांगा.'

फिटरने ती दोनदा वाचली. मास्कमधली वाफ धरत होती, विरत होती.

"बरं लिहिलंस," तो म्हणाला. "अक्षर जरा मोठं कर."