राघूची अंडी

सहा वर्षं राघू म्हणून मिरवलेल्या पोपटानं एका सकाळी पिंजऱ्यात अंडं घातलं, तेव्हा सगळ्यात मोठा अपमान झाला तो शकुआत्याचा. नराच्या गळ्याभोवती येतो तो रंगीत कंठ फुटला नव्हता, तरी "याले उशिरा फुटंल" असं ती अख्ख्या कुरखेड्याला ठासून सांगत आली होती. सहा वर्षांत एवढं साधं कळलं नाही, आणि आता मात्र तिला सगळंच कळू लागलं.

"नराबिगर अंडं," आत्या म्हणाली. "घराले कायतरी लागलं हाय."

तिनं अंडं फडक्यात बांधलं आणि नदीत टाकून आली. आल्यावर दया आली म्हणून पिंजऱ्यात एक लहान टोपली ठेवली, तिच्यात जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या, वर गूळ घालून भिजवलेले चणे दिले. एक दिवसाआड दुसरं अंडं आलं. तेही नदीत. मग तिसरं. चौथं आलं ते कातड्यासारखं मऊ, आत्याच्या हातातच फुटलं. पोपटीण पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसून राहिली, चण्याकडे बघेना.

"अजून एक झालं का जंगलाच्या कडेले सोडून येतो," आत्यानं निकाल दिला.

पंख कापलेला पक्षी जंगलात किती वेळ टिकेल हे विचारायची तिला गरजच वाटली नाही. कमळानं मात्र तेवढ्यावर दप्तर खाली टाकलं. कमळा तिची भाची, सातवीतली. दिवाळीच्या परीक्षेत वर्गात पहिली आल्यापासून घरातल्या एकाही माणसाच्या अकलेवर तिचा आता भरवसा उरला नव्हता.

बाजारात जाफरभाई शिंप्याच्या मशीनजवळ दोन पोपट असत. ती सरळ तिथं गेली.

"अंडी किती झाली?" जाफरभाईनं सुईत दोरा ओवता ओवता विचारलं.

"चार. आत्यानं सगळी फेकली."

"शाबास. तुयी आत्या कोंबडीचं अंडं रोज काऊन उचलते?"

"कोंबडीनं अजून घालावं म्हणून," कमळा म्हणाली, आणि तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. आयुष्यभर कोंबड्या पाळलेली बाई, आणि तिच्या टाळक्यात हे शिरलं नाही.

"अंडी राहू दे. बसू दे तिले त्याच्यावर. पिल्लू निघत नाई म्हणून आपोआप कंटाळन. टोपली काढ, गूळचणे बंद. अंधार पडला का पिंजऱ्यावर कापड टाक. शिंपला कुटून दाण्यात मिसळ, अंगातला चुना संपला हाय तिच्या." मग त्यानं मान वर केली. "आन् पाठीवर हात कोन फिरवते?"

आत्ताच कोणाकोणाला मूर्ख ठरवून झालं होतं, त्यामुळे कमळाला उत्तर द्यायला जरा वेळ लागला. "मी."

"शेपटीपर्यंत?"

"तिले आवडते."

"आवडणारच. तिले वाटते जोडीदार आला. घर तुमी दिलं, जेवण तुमी दिलं, नवराबी तुमीच दिला. मग अंडी नाई घालन तं का शाळेत जाईन?"

कमळानं त्याच दिवशी टोपली आणि गूळचणे काढले, दाण्यात शिंपला मिसळला, रात्री पिंजऱ्यावर कापड टाकलं. दोन दिवसांनी पाचवं अंडं आलं. आत्या अंड्यासाठी फडकं आणि पोपटिणीसाठी पिशवी घेऊन आली, तर कमळा पिंजऱ्याच्या दाराला पाठ लावून उभी.

"हात लावू नको, आत्या."

"सरक. मले शिकवून राह्यली काय?"

"मी नाई. तुह्या कोंबड्या शिकवून राह्यल्या जन्मभर. तू ऐकलं नाई. अंडं उचललं का त्या दुसरं घालतात, हेच करते ना तू?"

आत्यानं अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबड्यांकडे पाहिलं. हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "पंधरा दिवस," ती शेवटी म्हणाली. "मग मी कोणाचं ऐकणार नाई."

त्या अंड्याला अजून एकाची सोबत आली आणि तेवढ्यावर थांबलं. पोपटीण दोन्हींवर बसली. कमळा दिसली की पाठ वाकवून पंख थरथरवी, आणि कमळा हात मागे बांधून उभी राही. पहिले काही दिवस ती मुकाट्यानं हे करी, पुढं तिला पिंजऱ्याकडे बघवेना. पण हात काही पुढं गेला नाही.

पंधराव्या दिवशी आत्या फडकं घेऊन आलीच. पोपटीण अंडी सोडून वरच्या दांडीवर बसली होती, मिरची खात. आत्यानं थंड अंडी उचलली, तरी पोपटीण ओरडली नाही. नवं अंडंही पुन्हा आलं नाही. महिनाभरात आत्या शेजारणींना सांगू लागली की आपणच नदीला नारळ बोलला होता.

कमळानं ते ऐकून नाक मुरडलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पिंजऱ्यात बोट घातलं, डोक्यावर खाजवायला. पोपटिणीनं ते कडकडून चावलं, पाठ फिरवली आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

"घे, वाचवलं त्याचं बक्षीस," आत्या हसली.

कमळानं रक्ताचं बोट तोंडात धरलं. डोळे भरले होते, पण आवाज ताठ होता.

"चावू दे. जंगलात सोडली असती तं मांजरानं तिले चावलं असतं."