पहिली टाळी कुणाची

हरलेल्या राष्ट्राध्यक्षांबद्दल काहीही असो, मला विचारा. जिंकलेल्यांचं कौतुक अख्खं जग करतं. पण खुर्चीवर बसलेला असताना पुन्हा उभा राहिला आणि तोंडावर आपटला, अशांचा अभ्यास दुबईतल्या सगळ्या करामा भागात मी एकटाच करत असेन. फ्रान्सचा एक जण टीव्हीवर निरोपाचं भाषण करून उठून गेला आणि कॅमेरा तसाच त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला. नायजेरियाच्या एकाने निकाल पुरता लागायच्या आत स्वतःच फोन उचलून समोरच्याचं अभिनंदन केलं. गांबियाचा एक जण आधी हसत हसत हरलो म्हणाला, आठवड्याभराने म्हणाला, छे, मान्य नाही. शेवटी शेजारच्या देशांचं सैन्य आत शिरलं तेव्हा कुठे विमानात बसला. अमेरिकेचं तर बोलायलाच नको.

मला हा नाद लागून महिना झाला, कारण मी माजी होऊन महिना झाला.

मी गुणवंत टिपणीस. नोकरी एका कंपनीत अॅडमिन मॅनेजरची, पण दुबईत मला ओळखतात ते मंडळाचा अध्यक्ष म्हणून. ओळखायचे, असं म्हणा. गणपती, दिवाळी पहाट, हळदीकुंकू, हिवाळ्यातली पिकनिक, सगळं अकरा वर्षं मी ओढलं. आमच्याकडे मतपेटी वगैरे भानगड नाही. गुढीपाडवा झाला की करामातल्या एका रेस्टॉरंटच्या वरच्या हॉलमध्ये सभा भरते. मी उठतो आणि म्हणतो, “मंडळी, पुष्कळ झालं, आता मला मोकळं करा. नव्या रक्ताला संधी द्या.” मग मागून माझा मित्र रामेश्वर ओरडतो, “ते काही नाही, अध्यक्ष तुम्हीच!” कुणीतरी अनुमोदन देतं, मी छातीवर हात ठेवून म्हणतो, “तुमच्या प्रेमापुढे माझं काही चालत नाही,” आणि बटाटेवडे येतात.

आता हे सगळ्यांना ठाऊक आहे. पंगतीत आपण जिलबीला नको नको म्हणत ताटावर हात आडवा धरतो आणि बोटं मुद्दाम फाकवून ठेवतो, तसलंच हे. वाढणाऱ्याने तो नकार खरा धरला तर त्याला आपण काय म्हणू?

यंदा माझा नकार खरा धरला गेला. “मला मोकळं करा,” म्हणालो आणि रामेश्वरसाठी थांबलो. तो ओरडेना. तेवढ्यात एक टाळी वाजली. मग दोन-चार, मग सगळा हॉल. लोक उभे राहिले, बायकांनी डोळे पुसले, आणि निखिल पुष्पगुच्छ घेऊन माझ्याकडे चालत आला. निखिल म्हणजे बँकेत आयटीला असलेला तरुण, गेल्या वर्षीपासून मंडळात फार पुढे पुढे करणारा. “सर, यू आर अ लेजंड,” म्हणाला. पाच मिनिटांत तो अध्यक्ष झाला. मी एका हातात गुच्छ आणि दुसऱ्या हातात वडा घेऊन उभा.

इतर राष्ट्राध्यक्षांना निदान लोकांनी मतं देऊन पाडलं. मला टाळ्या वाजवून पाडलं.

त्या दिवशी घरी येताना लिफ्टमध्येच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. गुच्छ कुठून आला? ऑर्किड होती त्यात, दीडशे दिरहॅमच्या खाली येत नाही तसला, म्हणजे साडेतीन हजार रुपये. ज्या सभेत अध्यक्ष दर वर्षी तोच निवडला जातो, तिथे गुच्छ कोण आणतं? मी दुसऱ्या दिवशी निखिलला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, “सर, तो तुमच्या री-इलेक्शनसाठीच आणला होता.” उत्तर इतकं तयार होतं की माझ्या डोक्यात तिडीकच गेली. विचार न करता इतकं चांगलं उत्तर कुणाला सुचत नाही.

मग मी एकेकाला चाचपायला लागलो. खजिनदार माझा फोन पहिल्या रिंगला उचलायचा, तो आता “काका, मीटिंगमध्ये आहे” म्हणायला लागला, तेही शनिवारी. निखिलची बायको शुभ्रा सुपरमार्केटमध्ये भेटली, तर तिने माझ्या तब्येतीची फारच आपुलकीने चौकशी केली. सुहासिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, मी तिथेच म्हणालो, “बघितलंस? मन खात असलं की किती गोड बोलावं लागतं.”

“अहो, ती नेहमीच विचारते,” सुहासिनी म्हणाली आणि पनीर उचलायला गेली.

ओवी, आमची मुलगी, अकरावीत आहे. तिने माझं भाषण फोनवर शूट केलं होतं. ते मी मागून घेतलं. कॅमेरा अर्थातच माझ्यावर, त्यामुळे टाळी वाजवणारं कुणी दिसत नाही, दिसतो मीच. टाळी ऐकू येते आणि माझं हसू तोंडावर तसंच राहतं, जसं काही त्याला खाली उतरायला कुणी सांगितलेलंच नाही. हे बघणं काही सुखाचं नव्हतं, तरी मी रोज बघत होतो. हेडफोन लावून ऐकलं तेव्हा कळलं, पहिली टाळी डाव्या बाजूने आली. डावीकडे बायका बसल्या होत्या. आणि त्यांच्या मागे, चहाच्या मोठ्या भांड्यापाशी, रामेश्वर उभा होता.

“पापा, प्लीज, मूव्ह ऑन,” ओवी म्हणाली. “इट्स जस्ट अ मंडळ.”

जस्ट अ मंडळ! पण तिच्याशी काय भांडणार.

रामेश्वरला मी पंचवीस वर्षं ओळखतो. आम्ही दोघं सातव्यात, म्हणजे सतवा भागातल्या एका खोलीत सहा जण असताना एकमेकांच्या शेजारच्या कॉटवर झोपलोय. आता तो अजमानला राहतो, कारण तिथे भाडं कमी. मी त्याला फोन केला. “राम्या, पहिली टाळी कुणाची रे?”

“अरे कोण जाणे. खलास, झालं ते झालं.”

“तू यंदा ओरडला का नाहीस?”

तो म्हणाला, “ठसका लागला होता, गुणवंता.”

ठसका! पंचवीस वर्षांत या माणसाला नेमका त्याच क्षणी ठसका लागला. मी फोन ठेवला आणि माझ्या मनात काही शंकाच राहिली नाही. निखिल परका, त्याने डाव टाकला तर टाकला. पण ज्याच्या हातचा चहा पिऊन मी कामाला गेलो त्याने केसाने गळा कापावा? मला हसू येईना, जेवण जाईना. रात्री पुन्हा ते राष्ट्राध्यक्षांचे व्हिडिओ लावायचे आणि प्रत्येकाच्या मागे उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे बघायचे. कुणीतरी असतंच. जवळचाच असतो.

अशात निरोप आला की मंडळ माझा जाहीर सत्कार करणार आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र. जागा अजमान, रामेश्वरच्या बिल्डिंगचा हॉल, आणि सगळी व्यवस्था रामेश्वर स्वतः बघतोय. वा! गळा कापायचा आणि वर शाल पांघरायची.

मी लगेच हो म्हणालो. कारण माईक माझ्या हातात येणार होता.

मी भाषण तयार केलं. त्यात सातव्यातली खोली होती, कॉट होती, चहा होता आणि शेवटी सगळ्यांसमोर त्याचं नाव. त्यानंतर आमची दोस्ती संपणार हे मला दिसत होतं. त्याची बायको सुहासिनीची जिवाभावाची, तेही संपणार. संपू दे. निदान कुणाचे हात होते हे तरी लोकांना कळेल.

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं निघालो. ओवी म्हणाली, “आय हॅव अ टेस्ट,” आणि दार लावून घेतलं. शारजाच्या अलीकडे नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली. गाडी हलायचं नाव घेईना, म्हणून मी भाषण म्हणून दाखवायला सुरुवात केली. सुहासिनी पुढे बघत ऐकत होती. तिने मोतिया रंगाची साडी नेसली होती आणि मांडीवर पर्स घट्ट धरली होती. मी रामेश्वरच्या नावापर्यंत आलो तेव्हा ती म्हणाली, “नाव बदला.”

“का? सत्य बोलायची भीती वाटते?”

“टाळी मी वाजवली.”

मागच्याने हॉर्न दिला. पुढची गाडी दोन हात सरकली होती. मी तेवढी सरकवली.

“तू?”

“मी. शुभ्राने मला आदल्या दिवशी सांगितलं. यंदा तुम्ही नेहमीचं बोललात आणि कुणी ‘तुम्हीच’ म्हणालं, की निखिल उठून म्हणणार होता, हात वर करून मोजू या. निखिलच्या बाजूने कोण कोण हात वर करणार ते त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं.”

खरं सांगतो, मला आधी आनंद झाला. “म्हणजे कट होता! मी महिनाभर काय सांगतोय?”

“होता.”

“आणि राम्या त्यात होता.”

“ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. तुम्ही मोकळं करा म्हणालात आणि ते ओरडले नाहीत, एवढंच मी बघितलं. दुसऱ्या कुणी ओरडायच्या आत मी टाळी वाजवली. म्हटलं, हात मोजून उतरवण्यापेक्षा स्वतःच्या शब्दावर उतरू देत. लोक उभे तरी राहिले ना तुमच्यासाठी.”

“तुला आदल्या दिवशी कळलं आणि तू मला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही रात्रभर एकेकाला फोन करत बसला असता. त्यांनी उचलले नसते. ते मला बघवलं नसतं.”

मला राग आला होता, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. माझ्या बायकोने माझी अब्रू राखली आणि त्यासाठी माझी खुर्ची घालवली. मी एसी वाढवला, मग कमी केला.

“मोजू द्यायचे होते,” मी म्हणालो. “हरलो असतो, पण निदान कळलं असतं कोण कुठे आहे. आणि अगदी कुणी नसतं, तरी एक हात माझ्या बाजूने होता. तुझा.”

मला वाटलं हे ऐकून तिला वाईट वाटलं. मी तिच्याकडे बघितलं तर ती माझ्याकडेच बघत होती.

“नव्हता,” ती म्हणाली.

“काय नव्हता?”

“माझा हात. वर गेला नसता. आणि हात मोजायला लागले की तुम्ही सगळ्यात आधी माझ्याकडे बघितलं असतं. तुम्ही तिथे उभे, आणि मी हात खाली ठेवून बसलेली. तेवढं तुम्हाला दिसायला नको होतं. म्हणून वाजवली टाळी. तुमची अब्रू वगैरे नंतर.”

“पण का?”

“अकरा वर्षं सुट्टीच्या दिवशी तुम्ही घरी नव्हता, आणि घरी असलात तरी फोनवर होता. ओवी लहानाची मोठी झाली. माझ्या आईच्या वर्षश्राद्धाला गुरुजी संकल्प सांगत होते आणि तुम्ही गॅलरीत साऊंडवाल्याशी भांडत होता. मी आतून हाका मारत होते. तुम्ही हाताने थांब म्हणालात.”

ती हे चिडून बोलली नाही. चिडली असती तर मी उत्तर दिलं असतं, मला भांडता येतं. रांग हळूहळू सुटली आणि अजमान आलं. महिनाभर मी सगळ्या गावावर संशय घेतला होता, प्रत्येकाचा चेहरा, आवाज, फोन. शेजारी बसलेलं माणूस माझ्या बाजूचं आहे हे मात्र मी कधी तपासूनसुद्धा बघितलं नव्हतं.

बिल्डिंगखाली पार्किंगच्या एका मोकळ्या जागेत रामेश्वर स्वतः उभा होता, कुणी दुसऱ्याने गाडी लावू नये म्हणून. घामाने त्याचा झब्बा पाठीला चिकटला होता. मी गाडी लावली. त्याने काचेवर टकटक केलं आणि मी काच खाली घेतली.

“यल्ला, चल गुणवंता, सगळे खोळंबलेत. काय रे, बरं नाही का?”

“राम्या, पाच मिनिटं दे,” मी म्हणालो आणि काच वर घेतली. तो थोडा वेळ उभा राहिला, मग जिन्याकडे गेला.

“वहिनींना सांग आम्ही येतोय म्हणून,” असं मला म्हणायचं होतं ते राहूनच गेलं. मी एसीसाठी इंजिन चालूच ठेवलं, नाहीतर आत बसवलं नसतं.

“सुहास,” मी म्हणालो, “आईंचं वर्षश्राद्ध कुठल्या वर्षी होतं?”

तिने सांगितलं. मला वाटलं होतं त्याच्या फार आधी झालं होतं ते.

“आणि अजून काय काय होतं?” मी विचारलं.

तिने पर्स पायाशी ठेवली आणि सांगायला लागली. वर हॉलमध्ये माईक तपासल्याचा आवाज येत होता, आणि मी तिला एकदाही थांब म्हणालो नाही.