गाडीचं पाप

बंद पडलेल्या पेट्रोल पंपामागच्या पटांगणात त्या सकाळी मुंगीला शिरायला वाव नव्हता. आपोआप गिअर पडणाऱ्या जुन्या गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि त्यांच्याहून दमलेले त्यांचे मालक शेजारी हात जोडून उभे होते. सगळ्यांचं दुखणं एकच. चढ आला की इंजिन बोंबलायचं, पण गाडी जागची हलायची नाही. आणि सगळ्यांचा वैद्यही एकच, गिअरबाबा.

"गाडी घसरत नाही, बाळांनो," बाबा समजावत होते. "मालकाची श्रद्धा घसरते. गाडी बिचारी फक्त तसं कळवते. माझ्या शक्तीला इंजिन काय आणि किल्ली काय, सगळं सारखंच."

माना डोलल्या. चष्म्याच्या दुकानदाराची मान सर्वांत जोरात डोलली. गावाला नीट दिसावं म्हणून जन्मभर काचा घासणारा हा गृहस्थ आज स्वतःची गाडी आणि स्वतःची आई घेऊन आला होता. मागे हाताची घडी घालून त्याची बायको उभी होती. ती इस्पितळात नर्स, म्हणून गल्ली तिला सिस्टरच म्हणे. रात्रपाळी संपवून ती थेट आली होती आणि तिचं डोकं आधीच ठणकत होतं.

विधी सोपा होता. इंजिन बंद करायचं, बॉनेटवर मेणबत्ती लावायची आणि ती विझेपर्यंत सगळ्यांनी डोळे मिटून गप्प बसायचं. मग बाबा बॉनेटवर थाप मारत आणि गाडी सपाट पटांगणात एक फेरी मारून येई, अगदी लोण्यासारखी. पैसे बाबा घेत नसत. किल्लीला अडकवायची चकती तेवढी विकत घ्यावी लागे, कारण फुकटची कृपा टिकत नाही म्हणे.

पण खरा चमत्कार गाडीखाली व्हायचा. मेणबत्ती जळत असताना खाली टपटप लाल थेंब पडायचे.

"बघा, गाडीचं पाप गळतंय," बाबा हळूच म्हणाले. सासूबाईंनी वाकून त्यात बोट बुडवलं आणि कपाळाला लावलं.

सिस्टरने डोळे मिटलेच नव्हते. इतकी वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला लाल रंगाचा एकच अर्थ ठाऊक होता, आणि त्यावर कुणी हात जोडत नसतं. शिवाय दुसऱ्या दिवशी याच गाडीतून सासूबाई आणि सिस्टरची लेक डोंगरापलीकडे जायच्या होत्या. नणंद बाळंत झाली होती. रस्ता घाटाचा, एका अंगाला दरी. तिथे गाडी मागे सरकली तर?

घरी येताच तिने गाडी लावायच्या जागेवर बोट दाखवलं. फरशीवर तसाच लाल डाग होता.

"तुमचं पाप इथेही गळतंय. बाबा नसताना."

"म्हणजे घरबसल्या कृपा चालू आहे," नवरा म्हणाला.

"मिस्त्रीला दाखवू या."

"मिस्त्रीचा हात लागला की कृपा उठते. बाबांनी बजावलंय."

"बरं सोयीचं आहे हो."

दुपारी हट्टाने तिने त्याला आणि सासूबाईंना पाण्याच्या टाकीच्या चढावर नेलं. अर्ध्यावर इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी अडली. नवऱ्याने चकती कपाळाला लावली. सिस्टरने इंजिन बंद केलं, कठड्यावर बसून शेंगदाण्यांची पुडी सोडली आणि सावकाश संपवली. मेणबत्ती नाही, मौन तर मुळीच नाही, कारण नवरा सारखा बडबडत होता. मग गाडी सुरू केली, तर ती सरळ टाकीपर्यंत चढली.

"इस्पितळात धावत आलेल्या माणसाचा रक्तदाब आम्ही लगेच मोजत नाही," ती म्हणाली. "आधी बसवतो. नुसतं बसूनच उतरतो. गाडीचंही तेच. मेणबत्ती नाही, विसावा कामाला येतो."

"बाबांचं लांबूनही लक्ष असतं," नवरा म्हणाला.

तिने गाडी न थांबवता थेट पटांगणात नेली. नवराही तयार झाला, कारण बाबा हिची जिरवणार याची त्याला खात्री होती.

"बाबा, आशीर्वाद द्या," सिस्टर म्हणाली. "फक्त इंजिन चालू राहील. आणि नंतर सपाटीवर फेरी नको, पटांगणातून रस्त्यावर जाणारा तो चढ चढून दाखवू."

बाबांनी दाढी कुरवाळली. "इंजिन चालू असलं की शक्ती जळते."

"सकाळी तर म्हणालात, शक्तीला इंजिन काय आणि किल्ली काय."

गर्दी बाबांकडे बघायला लागली, तेव्हा नाइलाजाने मेणबत्ती लागली, जळली, विझली. थाप पडली. नवऱ्याने गाडी चढाला घातली. इंजिन बोंबललं, गाडी क्षणभर थबकली आणि सावकाश मागे येऊ लागली. त्याने ब्रेक दाबला. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

"या बाईच्या मनात संशय आहे," बाबा गरजले. "तो गाडीला बाधला."

"माझ्या संशयाने गाडी अडते आणि तुमच्या शक्तीने चालत नाही," सिस्टर म्हणाली. "मग चकत्या मीच विकते."

कुणीतरी फिसकन हसलं आणि मग हसू आवरेना. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "मग ते लाल काय होतं गं?" त्यांनी विचारलं.

"गिअरबॉक्सचं तेल, आई. निघण्याआधी मिस्त्रीला फोनवर विचारलं मी. गळून कमी झालंय. त्यात हवा शिरते, फेस होतो, आतल्या प्लेटांना पकड मिळत नाही. गाडी थांबली की फेस बसतो, तेल खाली जमतं, म्हणून थोडा वेळ चालते." सासूबाईंनी रुमालाने कपाळ पुसलं, बराच वेळ पुसलं.

त्याच संध्याकाळी मिस्त्रीने तेल मोजायची कांडी काढून दाखवली. टोकाला जेमतेम तेल, काळपट लाल आणि जळक्या वासाचं. तेल थंड करायला नेणाऱ्या नळीला चीर गेली होती. त्याने नळी बदलली, आतली जाळी बदलली, नवं तेल भरलं. "अजून दोनचार आशीर्वाद घेतले असतेत तर प्लेटाच जळाल्या असत्या," तो म्हणाला. बाबांची जुनी ओळखही त्यानेच सांगितली. आधी ते जुन्या गाड्यांचे दलाल होते. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी निवांत उभी ठेवायची आणि सपाटीवर एकच फेरी द्यायची, ही विद्या तेव्हाचीच. मेणबत्ती तेवढी नंतर आली.

लोकहो, श्रद्धा कुणावर ठेवायची ती ठेवा. पण काही गळत असेल तर डोळे मिटून बसू नका, वाकून बघा. जो इलाज तपासू देत नाही, तो इलाज नव्हे.

जायचं दोन दिवस लांबलं. घाटाच्या माथ्यावर, दरीच्या कडेला, गाडी पहिल्यांदा थांबली. सासूबाई कमरेला हात लावत उतरल्या, नातीचा खांदा धरून वाकल्या आणि गाडीखाली बराच वेळ बघत राहिल्या.

"कोरडं आहे," त्या म्हणाल्या. "चला."