मागच्या खोलीतलं नेट

ओल्या धोतरावर लॅपटॉप घेऊन ऋषिकेश मागच्या खोलीत, बाबांच्या पलंगावर बसला आणि वायफायच्या नव्या डबीच्या पोटावर छापलेला पत्ता त्यानं ब्राउझरमध्ये टाकला. मुंडण सकाळीच झालं होतं. वस्तरा एका ठिकाणी लागला होता, तिथेच माशी येऊन बसत होती. हॉलमधल्या कूलरचा आवाज इतका, की फोन स्पीकरवर, तोही पूर्ण वाढवून ठेवावा लागला. फोनमध्ये घाट होता.

"बसला का?" त्यानं विचारलं.

"कोण, मी?" नानाजीकाका म्हणाले. "कावळा होय! तारेवरच आहे. पिंडाकडे पाहून नाही राहिला. गुरुजीले पुढे दुसऱ्याचं पिंडदान आहे, जरा हात चालव."

दहाव्याचा पिंड ठेवून बराच वेळ झाला, तरी कावळा शिवेना. म्हणजे बाबांची काहीतरी इच्छा राहिलेली. भावासाठी काकांनी हात जोडून सगळं कबूल करून पाहिलं होतं. वहिनीला अंतर देणार नाही, धाकट्या अपेक्षाचं लग्न करून देऊ, रामटेकला जाऊन येऊ. कावळ्यानं तारेला चोच पुसली. शेवटी ऋषिकेश पुढे होऊन मान खाली घालून पुटपुटला, "बाबा, तुमच्या खोलीत नेट लावतो." कावळा एक तार खाली आला.

"तोंडी नाही चालत त्याले," काका म्हणाले होते. "जाय, लावून ये."

खुब्याचं हाड मोडल्यापासून बाबा या खोलीतच होते, आणि हॉलमधलं नेट इथवर पोचत नव्हतं; फोनमध्ये वेगळं रिचार्ज नव्हतं. ते रोज विचारायचे. डबी दिवाळीपासून कपाटावर होती. "उद्या लावतो," ऋषिकेश म्हणायचा. उन्हाळा लागला, घरचे सगळे हॉलमध्ये कूलरपुढे झोपू लागले, आणि एका सकाळी बाबा उठलेच नाहीत. भेटायला येणारा प्रत्येकजण तेच म्हणायचा, नशीबवान, झोपेतच गेले. आई मान डोलवायची. उशाशी चार्जिंगला लावलेला त्यांचा फोन मात्र तिनं कोणाला हलवू दिला नव्हता.

डबीनं नवा पासवर्ड मागितला. त्यानं टाकला. कमजोर आहे, असं तिनं लाल अक्षरांत कळवलं.

"काय झालं गा?"

"पासवर्ड कमजोर म्हणते."

"गुरुजीले विचारू का?"

"नको. आता देश विचारून राहिली."

"कोणता लावला?"

"भारत."

"हो," काका विचार करून म्हणाले. "तोच राहू दे."

नेटवर्कचं नाव आणि त्याचा पासवर्ड त्यानं हॉलमधलेच ठेवले. म्हणजे घरातले फोन न सांगता आपोआप धरतील. शेवटचं बटण दाबलं. डबी विझली, पुन्हा लागली. लाल दिवा, मग हिरवा.

"शिवला!" काका ओरडले. "शिवला गा! घासच घेऊन उडाला!" मागे लोक हसले, कोणीतरी टाळीही वाजवली. "एवढ्यासाठी अडून बसला होता दादा. ये लवकर."

फोन बंद झाला. दारात आई उभी होती. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि आत येऊन पलंगाच्या कडेला बसली.

"एवढंच राहिलं होतं त्याईचं," ती म्हणाली.

उशाशी बाबांच्या फोनचा पडदा उजळला. लगेच ऋषिकेशच्या हातातला फोन वाजला. पुन्हा वाजला. पुन्हा. वर बाबांचं नाव होतं.

*ऋषी झोपला का*

*छातीत कसंतरी होऊन राहिलं*

*आवाज देऊन राहिलो. कूलर बंद कर*

"कोणाचं आलं?" आईनं विचारलं.

"कंपनीचं. नेट सुरू झालं म्हणते."

"झालं ना?"

"झालं."

तो उठला. धोतर सावरत हॉलमध्ये गेला. खिडकीतला कूलर रात्रंदिवस घरघरायचा तसाच घरघरत होता. त्यानं बटण बंद केलं. पातं फिरत फिरत थांबलं.

"काहून बंद केला गा?" मागच्या खोलीतून आई म्हणाली. "केवढं गरम होऊन राहिलं."

ती हळूच म्हणाली होती. हॉलमध्ये शब्दन् शब्द ऐकू आला.