जोडीचं काम

"बहिरू, गेला की डोळा! काडी छाटतो का गवत कापतो रं?"

मुकादम खंडेरावाचा आवाज अख्ख्या द्राक्षबागेत गेला. बहिरूनं कात्री खाली केली. हात थरथरत होते. मागच्या वेलीला पेस्ट लावणारी त्याची बायको लंकाबाई मान वर न करता म्हणाली, "थंडी वाजते त्यांला, दादा."

"ह्या उन्हात थंडी?" पलीकडची चतुराबाई खुदकन हसली.

दिंडोरीकडं गोडी छाटणीला, म्हणजे फळासाठीच्या छाटणीला, जोड्याच घेतात. नवऱ्यानं पुढं छाटायचं, बायकोनं मागून काडीवर कोंब फुटायच्या डोळ्यांना पेस्ट लावायची, म्हणजे सगळे डोळे एकसारखे फुटतात. जोडीतला एक बाद झाला की दुसराही टोळीतून गेला. पेस्टचं पथ्य मात्र कडक. लावणाऱ्याच्या पोटात दारू चालत नाही. गेल्या साली एक गडी पिऊन पेस्ट लावायला गेला. घटकाभरात तोंड लालबुंद झालं, छाती धडधडली, श्वास अडकला. जीव वाचला, एवढंच.

"दुपारपर्यंत बघतो," खंडेराव म्हणाला. "नायतर दोघंबी गाव गाठा."

न्याहारीला टोळी बांधावर बसली. लंकाबाई नवऱ्याला पाण्याच्या टाकीमागं घेऊन गेली. सकाळी त्याच्याकडून हिसकावलेली दारूची बाटली तिनं भाकरीच्या फडक्यातून काढली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"तूच देते?" बहिरू बघतच राहिला.

"गिळा. दोनच घोट. वरून बडीशेप चावा."

थोड्या वेळानं हात असा स्थिरावला की कात्री नुसती वाजत गेली. काप सगळे एका मापाचे. खंडेराव ओळ न्याहाळत आला आणि खूश झाला.

"शाबास, बाई! सुटली की याची दारू. हात बघ कसा चालतोय! आता आसं करा, छाटून झालं की पेस्टबी दोघं मिळून लावा. बाग लवकर उरकंल."

"लावतो की!" बहिरू फुगला. त्यानं तिच्या पेस्टच्या डब्याकडं हात केला.

लंकाबाईनं डबा झटक्यात मागं ओढला. साडीवर चढवलेल्या शर्टावर शिंतोडे उडाले.

"हात लावू नका! मी हाय ना. सगळी मीच लावते."

"एकटी? दिवस मावळंल गं," खंडेराव म्हणाला.

"मावळू द्या."

"अगं बया!" चतुराबाईनं कमरेवर हात ठेवले. "नवऱ्याला कामाचा वारा लागू देत नाय! आमच्या नशिबी नाय बाई असली माया."

सगळी टोळी हसली. लंकाबाईही हसली. बहिरूला तिनं चार वेली पुढं ढकललं, हातमोजा वर ओढला आणि पेस्टचं फडकं डब्यात बुडवलं.

छाटणी अजून अकरा दिवस चालायची होती.